माप नसलेला शालू

"पाचशे नव्वद नॅनोमीटर," मांडवातल्या झेंडूकडे वळताच त्र्यंबकरावांचा कृत्रिम डोळा कानात पुटपुटला. दृष्टी गेल्यापासून सारे रंग त्यांना असे तरंगलांबीच्या आकड्यांतच भेटत. इतक्यात कन्यादानासाठी केतकी समोर येऊन बसली आणि डोळा म्हणाला, "माप नाही."

त्र्यंबकराव गोंधळले. "केतकी, डोळा 'माप नाही' म्हणतो. आईचा राणी रंगाचा शालू नेसणार होतीस ना?"

"तोच नेसले आहे, बाबा."

"मिलिमीटरचा दहा लाखावा भाग मोजणाऱ्या यंत्राला अख्खा शालू सापडू नये? तो आल्याखेरीज मी कन्यादान करणार नाही. तिच्या आईला शब्द दिला आहे!"

"भावजी, यंत्र खरेच बोलते आहे," केतकीचा मामा म्हणाला. "राणी रंग इंद्रधनुष्यात नाहीच. लाल आणि निळ्या लहरी एकत्र आल्या, की तो पाहणाऱ्याच्या मनात उमटतो. त्याची लांबी कोण मोजणार?"

"म्हणजे तुझी ताई जन्मभर नसलेला रंग नेसली?"

"आणि तुम्ही जन्मभर तो पाहिलात!"

त्र्यंबकरावांनी मांडवभर मान फिरवली. सगळीकडे आकडेच आकडे होते. मग एका जागी पुन्हा ऐकू आले, "माप नाही."

त्यांनी त्याच दिशेला हात पुढे केले. केतकीची ओंजळ तिथेच होती.