चहाविषयी एक प्रार्थना

“हे दयाळू पित्या,” राजेश्री म्हणाली आणि तिने डावा डोळा किंचित उघडला.

समोर सासूबाई, चांगुणाबाई, मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी कानांवरून पुढे ओढला, आत हात घालून काहीतरी चाचपलं आणि मग हात जोडले. हे रोजचंच होतं. रात्रीच्या घरच्या प्रार्थनेचं गीत संपलं की पदर सारखा करणं सुरू. राजेश्रीच्या मते त्यातलं निम्मं देवासाठी होतं आणि निम्मं सुनेला दाखवायला. त्यांच्या मांडीवर दोन वर्षांची हन्ना होती. शेजारी नवरा, सूर्यभान. त्याने डोळे असे गच्च मिटले होते, की पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असावं.

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे राजेश्रीला लहानपणीच्या, चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेपासून माहीत होतं. पण लेकराच्या आईला दोन्ही डोळे मिटणं परवडत नाही, असं तिने स्वतःला पटवून ठेवलं होतं.

“ज्यांना कळत नाही त्यांना तू कळव, प्रभू. एवढ्याशा लेकराला चहात बुडवून बिस्किट दिलं, की त्याची भूक मरते. अंगात रक्त भरत नाही. तुला सगळं ठाऊक आहे. काही जणांना नाही.”

आज सकाळीच तिने हन्नाला गंगाखेडच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. वजन दिवाळीला होतं तिथंच होतं. डॉक्टरांनी पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं. “चहा बंद केला ना?” त्यांनी विचारलं. बी.एस्सी. झालेली राजेश्री फरशीकडे बघत बसली.

चांगुणाबाई बोरीहून नातीला सांभाळायला आल्या होत्या आणि नात त्यांच्यावाचून झोपत नव्हती. त्यांना तोंडावर सांगायचं म्हणजे भांडण. चर्चमध्ये तर सासू-सुनेने कसं राहावं म्हणून यांच्याच घराकडे बोट दाखवत. सूर्यभानला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “तूच सांग. मी सांगितलं तरी नाव तुझंच येणार.” मग चर्चमधल्या बायकांच्या सभेत पाळकबाई म्हणाल्या, घरात भांडू नका, प्रार्थना करा.

राजेश्रीने दोन्ही एकत्र केलं.

सोय मोठी होती. प्रार्थनेत मधे कुणी बोलत नाही, उलट उत्तर देत नाही, आणि शेवटी सगळ्यांना आमेन म्हणावंच लागतं. सुरुवातीला तिने भाजीतल्या मिठावर भागवलं. मग कानाला मशीन असूनही टीव्ही गल्लीभर ऐकू जाईल असा लावणाऱ्यांसाठी विनंती केली. मग चहा आला, आणि तिथंच मुक्काम पडला. दर वेळी आमेन सगळ्यांत मोठ्याने चांगुणाबाईच म्हणत. आणि सकाळी बशीत चहा, चहात बिस्किट, बिस्किटाखाली हन्नाचं उघडं तोंड. किती हट्टी असावं माणसाने, असं राजेश्रीला वाटे.

आज तिचा धीर सुटला.

“आणि पित्या, ज्यांचा जीव बोरीत अडकलाय, त्यांना सुखरूप बोरीला पोचव. लवकर पोचव. आमेन.”

सूर्यभानने श्वास रोखला. हन्नाने सवयीप्रमाणे आजीच्या गुडघ्यावर थाप मारली.

“आमेन,” चांगुणाबाई खणखणीत म्हणाल्या.

मग त्या नुसत्याच बसून राहिल्या, भिंतीकडे बघत. राजेश्री त्यांच्याकडे बघू लागली. उद्या यांनी खरंच बस धरली तर? हन्नाला कोण झोपवणार? रविवारी लोकांना काय सांगायचं?

“आई, राग आला का?”

चांगुणाबाई हन्नाच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावू लागल्या.

“आई, तुम्ही जावं असं नाही म्हणाले मी.”

तिचे ओठ हललेले दिसले तशा चांगुणाबाई म्हणाल्या, “थांब, थांब जरा.” त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आतून कानाची मशीन निघाली. ती कानात बसवताना कुईं करून वाजली.

“हां. बोल आता.”

“ही कधी काढली तुम्ही?”

“गीत झालं की. रोजच काढते. चर्चमधी बी काढते.”

“पण का?”

“आता माणूस देवाशी बोलायलंय, तिथं आपून कशाला कान लावायचे? बरं दिसतंय का ते?”

“मग आमेन बरोबर कसं म्हणता?”

“ही थाप मारती की,” चांगुणाबाई नातीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या.

राजेश्रीने सूर्यभानकडे पाहिलं. त्याने डोळे अजून उघडले नव्हते. मिठाची प्रार्थना, टीव्हीची प्रार्थना, आत्ताची बोरीची. त्या सगळ्या नेमक्या कुठे जाऊन पोचल्या असतील, याचा तिने पहिल्यांदाच विचार केला.

“तू काय म्हणायलीस मगापासून?”

“हेच, की हन्नाला चहा देऊ नका. डॉक्टरांनी नको सांगितलंय. तिच्या अंगात रक्त कमी आहे.” तिचा आवाज चिरकला. “किती दिवसांपासून सांगायलेय मी.”

चांगुणाबाईंचा हात थांबला. त्यांनी हन्नाची पापणी अंगठ्याने खाली ओढून पाहिली आणि तिला छातीशी धरलं.

“बंद. उद्यापासून थेंब न्हाई,” त्या म्हणाल्या. मग सुनेकडे बघत राहिल्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“पर माय, किती दिवसांपासून सांगायलेय म्हणतीस. कुणाला सांगायलीस?”