शेजारच्या सीटचं दार

जुन्या गाड्यांचा पारखी गाडीखालून सरपटत बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "काका, गंज आहे."

"असणारच. इटालियन गाडीच्या पाचवीलाच पुजलेला असतो तो," काका म्हणाले. पण त्यांचं लक्ष गंजाकडे नव्हतं. ते शेजारच्या सीटच्या दाराकडे पाहत होते. हा माणूस त्या दारापर्यंत पोचायच्या आत बायको घरात गेली म्हणजे जिंकलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"अगं, चहा टाकतेस ना?"

"टाकीन. घाई काय आहे?" म्हणत काकूंनी पायरीवर ठाण मांडलं. सवतीची पाठवणी त्यांना पुढच्या रांगेत बसून पाहायची होती.

सवत म्हणजे ही गाडी. मोहरीच्या रंगाची, दोन दारांची, बुटकी आणि महा नखरेल. लग्नानंतर लवकरच काकांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनिअरकडून घेतली. अख्ख्या शहरात तिला दुसरं भावंड नव्हतं. गॅस्केट हातानं कापायचं, पाण्याचा पाइप भलत्याच गाडीचा बसवायचा, साध्या दिव्यासाठी परदेशात पत्रं धाडायची, असा तिचा संसार काकांनी हौसेनं केला. डॅशबोर्डवरची अक्षरं वाचून वाचून काकूही पाण्याला अक्वा आणि तेलाला ओलिओ म्हणायला लागल्या होत्या. "तुमची बाई कण्हतेय. ओलिओ पाजा तिला," त्या म्हणायच्या. आता काकांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ बंदी केली होती. म्हणून किंमत ठरवायला हा पारखी आला होता.

"वायरिंग कुणी केलंय?" बॉनेटखालून त्यानं विचारलं.

"मीच."

"वाटलंच," पारखी म्हणाला आणि बॉनेट बंद करून त्या दाराकडे वळला.

त्या दाराची गोष्ट अशी. गाडी घेतली त्याच वर्षी त्याच्या आतल्या हँडलची क्लिप तुटली. हँडल नुसतंच लुळं पडलं. काकूंना उतरायचं तर काकांनी फिरून यायचं आणि बाहेरून दार उघडायचं. नवी क्लिप परदेशातून यायला बराच वेळ लागला, आणि ती आली तोवर काकांना या फेरीची गोडी लागली होती. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. आणि एकत्र घर. बायकोला नुसता पाण्याचा पेला दिला असता, तरी भावांनी त्यांना ताटाखालचं मांजर ठरवलं असतं. पण बिघडलेल्या दाराला कोण हसणार? फिरून जायचं, दार उघडायचं, हात पुढे करायचा. तो हात धरून काकू उतरायच्या. काकांना तेवढं पुरायचं.

क्लिप त्यांनी जुन्या प्लगांच्या डब्यात तळाशी टाकली आणि डब्याकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. "मिळत नाही गं कुठे," ते म्हणाले, आणि जन्मभर तेच म्हणत राहिले. त्या सीटवर काकूंशिवाय कुणी बसत नसे. "काय मेलं हे दार!" त्या दर वेळी म्हणायच्या, आणि दर वेळी काकांना चोरासारखं वाटायचं.

आज ही चोरी उघडी पडणार होती. दार खोललं की पारखी सांगणार, अहो, साधी क्लिप तर हवी होती. आणि पायरीवर बसलेली बायको ते ऐकणार.

पारखी शेजारच्या सीटवर बसला. दार त्यानं ओढून घेतलं.

"थांबा, थांबा! ते आतून उघडत नाही. मी येतो फिरून." काका सवयीनं बॉनेटवर हात टेकत निघाले. पुढच्या दिव्यापाशी पोचले, तोच खट्कन आवाज झाला. दार उघडलं आणि पारखी आरामात खाली उतरला.

"मस्त चालतंय की," तो म्हणाला.

काका होते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी हळूच पायरीकडे पाहिलं. काकू चष्मा पुसत होत्या.

"तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा भावजी मला दवाखान्यात सोडायचे," त्या म्हणाल्या. "ते आपले उतरून चालायला लागायचे आणि मी बसायची आत, हाका मारत. एकदा फ्यूज गेला. नवा शोधताना जुन्या प्लगांच्या डब्यात ही क्लिप सापडली. मेकॅनिककडून बसवून घेतली."

तेव्हा मुलगी शाळेत होती. आता तिचीच मुलं शाळेत जात होती. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"राग आला असेल तुला."

"राग कसला? भीती वाटत होती. तुमचं काही खरं नव्हतं तेव्हा. म्हटलं, आतून उघडायची सवय करून घ्यावी." काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण तुम्ही आलात घरी."

पारखी खाकरला. "मग काका, किंमत बोलू या?"

काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"चहा घेऊन जा हो," त्या पारख्याला म्हणाल्या. "सवत कुठे जात नाही. चालली नाही तरी उभी राहू दे दारात."

मग त्या गाडीत बसल्या. दार ओढून घेतलं, हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहत राहिल्या. काका अजून दिव्यापाशीच होते.

"अहो, या ना फिरून," काकू आतून म्हणाल्या. "हे मेलं दार आतून उघडत नाही."