अळ्यांचं वय

"प्रेतावरच्या अळ्या चांगल्याच पोसल्यात, मॅडम. म्हणजे म्हातारी शुक्रवारीच गेली. पोरगा मात्र शनिवारी तिला जिवंत सोडून निघालो म्हणतो," फौजदार म्हणाले. सख्ख्या बहिणीनंही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. कीटकतज्ज्ञ बाईंनी त्याला विचारलं, "आईला कसलं औषध चालू होतं?" "मॉर्फिन. कॅन्सरच्या कळा सोसवत नव्हत्या." बाईंनी प्रयोगशाळेत मॉर्फिन कालवलेल्या कलेजीवर तशाच अळ्या वाढवल्या. त्या साध्या कलेजीवरच्यांपेक्षा भराभर फोफावल्या. हिशेब बदलला, आई रविवारी गेली होती. "सुटलास बाबा," फौजदार म्हणाले. पोराचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे शनिवारी रात्री मी फोन केला, तेव्हा आई होती? उचलला नाही तिनं, वाटलं निजली असेल." बाईंनी खरं तेच सांगितलं, "होती." मग बहिणीनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "दादा, मी तर फोनसुद्धा केला नव्हता रे," ती म्हणाली.