टोपड्याचा वास

मोहनरावांनी ओट्यावर बसूनच घरातली माणसं सांगितली. गावची आशा कार्यकर्ती संगीता उभ्यानं लिहून घेत होती. मोहनरावांना साखरेचा आजार, म्हणून त्यांचा कोरोनाचा नमुना कालच घेतला होता. पोरगा पंडित पुण्याहून आलेला, त्याचाही घेतला. दोघांचं काही निघालं नाही.

राहिल्या बायका. त्यांना कसलाच आजार नाही, मोहनराव म्हणाले. कधी तपासलं होतं का, संगीतानं विचारलं. तपासायची गरजच पडली नाही, असं उत्तर आलं. वास येतो का, चव लागते का, हेही त्यांनीच सांगून टाकलं. समदं बराबर.

आत त्यांची बायको मनकर्णा भाकरी थापत होती. तीन दिवस खोकत होती. पण चुलीपुढं कोण खोकत नाही. संगीतानं तिच्या कपाळापुढं तापाचं मशीन धरलं. एकशे एक.

"चुलीपुढची हाय ती, तापणारच," मोहनराव बाहेरून म्हणाले. "तिला काय व्हतंय? तिच्यापायी कोरोनालाच ताप येईल."

मनकर्णाही हसली. हसता हसता खोकली.

जरा ओसरीत सावलीला बसा, मग परत बघते, संगीता म्हणाली. तव्यावरची भाकर करपंल, म्हणून मनकर्णा उठली नाही. संगीताची अजून वीस घरं राहिली होती. तपासणीची गाडी शाळेपुढं उभी होती. बाराला पुढच्या गावाला जायची, ती परत इथं नांदूरघाटला आठ दिवसांनी. संगीतानं दाराकडं पाहिलं.

दाराआड सून उभी होती, योगिता. कडेवर पाच महिन्यांचं लेकरू. सकाळी दूध उतू जाऊन जळलं होतं, घरभर वास सुटला होता, आणि सासू चुलीशेजारीच गव्हातले खडे निवडत बसली होती. योगितानं धावत येऊन पातेलं उतरवलं होतं.

"तुला काय वाटतं गं?" संगीतानं हळूच विचारलं.

ओट्यावर मोहनराव खाकरले. योगिता सासऱ्यापुढं बोलत नसे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

संगीतानं घड्याळात पाहिलं. मग लिहिलं, 'ताप, चुलीमुळे', आणि पुढच्या घराला गेली.

मनकर्णानं शेवटची भाकर उतरवली, हात धुतले आणि नातवाकडं आली. दिवसातून दहादा ती त्याच्या डोक्याला नाक लावायची. तेलाचा, दुधाचा, जरासा आंबूस असा तो वास घेतला की भूक लागत न्हाई, म्हणायची. आताही वाकली. एकदा हुंगलं. टोपडं हातानं जरा सरकवून पुन्हा हुंगलं.

"टोपडं धुतलंस व्हय गं?"

दोन दिवस टोपडं धुतलेलं नव्हतं. मघाशीच लेकरानं त्याच्यावर दूध ओकलं होतं, डाग अजून ओला होता.

शाळेकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"व्हय, आत्या," योगिता म्हणाली, आणि लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं.

मनकर्णाचे हात घ्यायला पुढं आले होते. ते तसेच राहिले. बोटांवरून पाणी टपकत होतं.