आधी काय काय ओतलंय?

"आधी काय काय ओतलंय?" हे त्याने विचारलंच नाही, तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी तुंबलं होतं आणि प्लंबर म्हणून आलेला हा बाबा कमरेवर हात ठेवून म्हणत होता, "एक पातेलंभर उकळतं पाणी आणा ताई. सगळं मोकळं होईल."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या साफ करणाऱ्या माणसाची ती लेक. शाळेतून आली की बापाबरोबर कामावर जायची, पान्हे हातात द्यायची. बाप कुणाच्याही घरात शिरला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कारण लोकांनी आधी काय ओतून ठेवलंय याचा नेम नसतो. आणि उकळतं पाणी म्हणे! प्लास्टिकच्या पाइपांचे सांधे त्याने सैल होतात, हे तिला नववीतच ठाऊक होतं.

"तुम्हाला मिस्त्रींनी पाठवलं ना?"

"हो तर. त्यांनीच."

पण सकाळी फोनवर मिस्त्री म्हणाले होते, "मी स्वतः येतो, काळजी करू नका." तिच्या बापाच्या हाताखाली शिकलेला माणूस, शब्दाचा पक्का. मग हा कोण उपटला?

"स्प्रिंग आणलीये का?" तिने सहज विचारल्यासारखं केलं. पाइपात सरकवून कचरा ओढायची ती लांब तार प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत असतेच.

"कसली स्प्रिंग?" तो म्हणाला. "त्यापेक्षा सोडा आणि व्हिनेगर घाला. फसफसलं की समजायचं, कचरा निघाला."

फसफस म्हणजे नुसता तमाशा, केसांचा गोळा त्याने जागचा हलत नाही, असं बाप म्हणायचा. माणसाची पिशवी कोरी करकरीत होती. नखंसुद्धा स्वच्छ. मोरीत हात घालणाऱ्याची नखं अशी असतात होय?

त्याने पिशवीतून अ‍ॅसिडची बाटली काढली आणि फळीवरचा ब्लीचिंग पावडरचा डबा उचलला. "दोन्ही एकदम टाकू. दुप्पट जोर येतो. घरात आणखी कोण आहे, ताई? जरा वास सुटेल, म्हणून विचारलं."

त्या दोन्हींतून जो वायू सुटतो त्याने माणूस गुदमरून पडतो. आणि घरात कोण आहे याच्याशी याला काय करायचंय?

"सगळे आहेत," ती म्हणाली. "सासरे आत झोपलेत."

सासरे गावी होते. आत पाळण्यात चार महिन्यांची लेक होती आणि बाकी घर रिकामं.

"थांबा हं, कशाला हात लावू नका. आधी पाणी उपसायला बादली आणते."

बाहेर येताक्षणी तिने बाथरूमचं दार ओढलं आणि वरची कडी घातली. मग धावत जाऊन घराचं दार उघडलं. "काकू! अहो काकू!"

समोरचं दार बंदच राहिलं. पण जिन्याने एक माणूस वर येत होता. जाड मिशा, मळका शर्ट, खांद्याला जड पिशवी. पायरीवर टेकताच पिशवीत लोखंड वाजलं.

"तुम्ही प्लंबर ना? मिस्त्रींनी पाठवलेले?"

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "हो."

"मग आत आहे तो कोण? अहो, प्लास्टिकच्या पाइपात उकळतं पाणी ओता म्हणतो!"

"छे छे. पाइपांची वाट लागेल की."

"आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर!"

"बाप रे. ते तर विषच."

तिला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं. देवासारखा आला म्हणायचा. इतक्यात आतून दारावर दणके बसायला लागले. "ताई, ओ ताई! दार का लावलंत?" कडीचा एक स्क्रू टणकन खाली पडला. ती धावली आणि दोन्ही हातांनी कडी दाबून धरली.

"आधी बाळाला बाहेर न्या!" ती ओरडली. "त्या खोलीत, पाळण्यात! समोरच्या काकूंकडे द्या, बेल वाजवत राहा, उघडतील त्या!"

"तुम्ही कडी सोडू नका," मिशीवाला शांतपणे म्हणाला.

त्याने बाळाला अलगद उचललं, मानेखाली हात घेऊन. याच्याही घरात लेकरं असणार, तिला वाटलं. तो बाहेर पडला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"ताई, ऐका तरी! मी काय केलं हो?"

"गप्प बस! पोलीस येतायत!"

समोरची बेल काही ऐकू आली नाही. या दणक्यांत कशी येणार? कडी तळव्यात रुतत होती, पण बाळ सुखरूप होतं. आता हात तुटले तरी ती कडी सोडणार नव्हती.

कमरेला खोचलेला फोन वाजला. एका हाताने तिने तो कसाबसा काढून कानाशी धरला. मिस्त्री होते.

"ताई, माफ करा हं. पाय मुरगळला, येता नाही आलं. माझ्या मेहुण्याला पाठवलाय. आजच कामाला लागलाय बिचारा, कुठलं तरी ऐकून काहीबाही बडबडतो, पण मनाने साधा आहे. तुम्हीच त्याला चार गोष्टी सांगा."

कडीवरचा तिचा हात ढिला पडला.

"आणि दुसरा?"

"दुसरा कोण, ताई?"