डोक्यावरचा पदर

एसटीतून उतरताच मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. माहेरात लेक डोकं झाकत नाही.

वेशीच्या जागी दिव्यांची मोठाली अक्षरं उभी होती. नातीनं वाचलं, "आमचं गावावर प्रेम आहे."

"अगं बाई! प्रेमाची पाटी लावतात होय? उद्या चुलीवर 'चूल' लिहितील."

आडाच्या जागी चहाचं हॉटेल झालेलं. गल्ल्यावर बसलेल्याचं नाक थेट माझ्या चुलतभावाचं. त्याचाच हा लेक. बारशाला ह्याच्या कानात 'कुर्र' करून नाव मीच सांगितलेलं.

"मावशी, कुणाकडं पाहुण्या आलात?"

नाव ठेवणाऱ्या आत्याला मावशी म्हणतोय, मेला!

मी पदर पुन्हा डोक्यावर घेतला, पार कपाळापर्यंत ओढला.

"चहा तेवढा दे," मी म्हणाले. "पाहुणी कुणाचीच नाही, भानुदासा."