समोरच तर राहते

ताईच्या गॅलरीतून धाकट्या बहिणीची गॅलरी दिसायची. मध्ये फक्त दोन कॉलन्यांची उंच भिंत. त्या भिंतीला दार ठेवायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे रस्त्याने जायचं तर हायवे गाठून, उड्डाणपुलाखालून वळून अकरा किलोमीटर पडायचे. त्यात वर्षभर दोघींचा अबोला. एकमेकींचे नंबरही पुसून टाकलेले. एक कपडे वाळत घालायला आली, की दुसरी आत जायची.

मग धाकटी चार दिवस दिसलीच नाही. ताईच्या जिवाला घोर लागला. "चुलीत गेला तो अबोला," असं घरात नवऱ्याला म्हणत तिने पायांत चपला सरकवल्या आणि रिक्षा पकडली. दोनदा रस्ता चुकून, गेटवरच्या वहीत नाव लिहून ती तासाभराने धाकटीच्या दारात पोचली.

दार धाकटीच्या नवऱ्याने उघडलं.

"अहो ताई, तुम्ही इथे? ती तर तुमच्याकडे गेलीय. ताप उतरला तशी म्हणाली, पुरे झालं आता भांडण."

ताई धावतच गॅलरीत गेली. समोर ताईच्याच गॅलरीत, वाळत घातलेली चादर बाजूला सारून धाकटी उभी होती. दोघींचे डोळे भरून आले.

"थांब तिथेच, मी आलेच," दोघी एकदमच ओरडल्या आणि रिक्षा पकडायला खाली धावल्या.